कन्हानपर्यंतचं तिकीट

आमच्या शेजारच्या नत्थूजी भोयरांकडे पाहुणा गेला, की पाण्याच्या पेल्याआधी त्याला दोन टोल ऐकू येतात. टिण् टिण्. पाहुणा दचकून वर बघतो. छपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड दोरी ताणलेली असते, आणि तिच्या टोकाला घंटी. पाहुणा नीट टेकला, पाय आत घेतले, पिशवी मांडीवर ठेवली, एवढी खात्री झाल्याशिवाय नत्थूजी दोरी ओढत नाहीत, आणि दोरी ओढल्याशिवाय त्यांना बोलणं सुरू करता येत नाही. उठायची वेळ झाली की एकच टोल. एकदा एक विमा विकणारा आला होता. त्याने बॅगेतून कागद काढायला आणि एक टोल पडायला एकच गाठ पडली. "स्टॉप आला तुमचा," नत्थूजी म्हणाले. तो खरंच उतरून गेला.

नत्थूजींची सगळी नोकरी नागपूर-रामटेक लाल गाडीवर कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त होताना डेपोतल्या लोकांनी विचारलं, काय देऊ? शाल आहेच, आणखी काय? हे म्हणाले, भंगारात निघालेल्या गाडीची दोरी, घंटी आणि दोन सीटा द्या. त्या हिरव्या रेक्झिनच्या सीटा आता छपरीत आहेत. एका सीटला कोपऱ्यात भोक आहे, आतला काथ्या दिसतो. "ते पोट्ट्यायच्या बोटांनी पडलेलं भोक आहे," असं ते, कुणी आपल्या घरचं सागवानी दार दाखवावं, तसं सांगतात.

आमचं ले-आउट, म्हणजे आमची वसाहत, नागपुरात जरीपटक्याच्या पुढे, कामठी रोडला लागून. रस्त्यावरून गाडी गेली की नत्थूजी पेपरातून मान वर न काढता सांगणार, "तुमसरची आहे. ड्रायव्हर नवा दिसते, गियरले रडवून राहिला." कडक इतके, की स्वतःच्या लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा रामटेकला नेलं, तेव्हा तिचंही तिकीट फाडलं. काकू होत्या तोवर हे गाऱ्हाणं आम्हाला वर्षातून एकदा ऐकायला मिळे. त्या गेल्यापासून ते नत्थूजीच सांगतात, आणि सांगताना शेवटी नेहमी एकच वाक्य: "पास कोणालेच नाही. एकाले देला का गाडी बसली समजा."

आता या माणसाचा आणि आमच्या मुक्ताच्या फोनचा संबंध कसा आला, ते सांगायचं तर मला थोडी स्वतःची फजिती सांगावी लागेल. सांगतो. सवय आहे.

आमची मुलगी मुक्ता सहावीत. ती फोन बघत जेवायची. एका दिवशी माझ्या बायकोने, म्हणजे वैशालीने, माझ्यासाठी केलेली कारल्याची भाजी चुकून तिच्या ताटात वाढली. मुक्ताने ती सगळी खाल्ली. जी मुलगी कारलं चिरताना बघून आजीकडे राहायला जायची भाषा करते, तिने अख्खी वाटी संपवली, आणि तिला कळलंसुद्धा नाही. मला आधी हसू आलं. वैशालीला नाही आलं. ती म्हणाली, "अहो, ती इथं नव्हतीच. आपण कोणाला जेवू घातलं?"

मग मी घरचा कर्ता पुरुष म्हणून उपाय सुरू केले. पहिल्यांदा वायफायची डबी तांदळाच्या कोठीत लपवली. तांदळातून वायफाय उत्तम येतं, हे मला मुक्ताकडून कळलं. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं ॲप टाकलं. मुलांच्या फोनला कुलूप लावणारं. ते मी घाईत माझ्याच फोनवर लावून बसलो. सकाळी साहेबांचा फोन यायच्या वेळेला पडद्यावर अक्षरं आली, 'कृपया आपल्या पालकांची परवानगी घ्या.' मुक्तानेच ते उघडून दिलं, स्वतःच्या पडद्यावरची नजर न हलवता. त्यानंतर तिला समोर बसवून मी फोनच्या दुष्परिणामांवर बोललो. चांगला रंगलो होतो. मध्येच खिशात टिंग वाजलं आणि मी ते बघितलं. भाषण तिथेच संपलं.

उरला एकच उपाय, हिसकावून घेणं. तो आम्ही रोज संध्याकाळी करत होतो, आणि ते रडणं, दार आपटणं, वैशालीचा आणि माझा चढलेला आवाज, सगळं कुंपणाच्या भिंतीपलीकडे जात होतं. एका संध्याकाळी नत्थूजी भिंतीपाशी येऊन उभे राहिले.

"काय होऊन राहिलं गा तुमच्याकडे? रोज याच टायमाले ब्रेक फेल होते."

"फोन, काकाजी. सोडतच नाही."

"मंग तुम्ही काय करता?"

"ओढून घेतो."

नत्थूजींनी चष्मा काढला. "चालत्या गाडीतून पॅसेंजर ओढता तुम्ही? हात मोडन ना कोणाचा." थोडं थांबून म्हणाले, "उद्यापासून पाठवा तिले माह्याकडे. फोनसहित. अन् घरी फोन देऊच नका."

दुसऱ्या दिवशी मुक्ता नाक फुगवून त्यांच्या पायरीपाशी उभी राहिली. मी भिंतीआडून बघत होतो. नत्थूजींनी पायरीवरच तिला अडवलं. हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता, तो सीटच्या दांडीवर टकटक वाजवला.

"कुठं?"

"काय कुठं, आबाजी?"

"कुठपर्यंत जायचं?"

गाडीचा नियम असा निघाला. फोन बघायचा तो या सीटवर बसून. चढायच्या आधी सांगायचं, कुठं उतरणार. कामठी जवळ, कन्हान त्याच्या पुढे, मग मनसर, मग रामटेक. तिकीट घ्यायचं, दोन टोल पडले की फोन सुरू, आपला स्टॉप आला की एक टोल, फोन कंडक्टरच्या हाती आणि उतरायचं. बाकी काही नाही.

"रामटेक," मुक्ता लगेच म्हणाली.

"शाळेच्या दिवशी रामटेक नाही वं. गाडी कन्हानच्या पुढे जात नाही."

"मग कन्हान."

"अर्धं तिकीट," असं म्हणत त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेचा कापलेला एक गुलाबी तुकडा काढला, त्याला भोक पाडलं आणि तिच्या हातात दिला. टिण् टिण्.

आणि नत्थूजींनी डोळे मिटले. घड्याळ नाही, काही नाही. इतकी वर्षं रोज केलेला रस्ता त्यांच्या अंगात मुरलेला. खड्डा आला की ते सीटवरून किंचित उचलले जात, वळण आलं की कलत. मध्येच एकदा डोळे न उघडता त्यांनी आवाज दिला, "कामठीवाले उतरा. कन्हानवाले, तयारी ठेवा." मग बऱ्याच वेळाने, "कन्हानवाले, दारापाशी या." मुक्ताने मान वर केली नाही. पुढचं मला पाठ होतं.

टिण्.

"कन्हान. उतरा."

"आबाजी, पाचच मिनिटं."

"पाच मिनिटांत गाडी पुढे निघून जाते. मंग पायी यावं लागते." आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. त्यांनी फक्त तळहात पुढे केला, तिकीट दाखवा म्हणून कंडक्टर करतो, तसा. मुक्ताने त्या हाताकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं भांडायला काहीच नव्हतं. तिने फोन दिला आणि पायरी उतरली.

मी भिंतीवरून अर्धा लोंबकळत विचारलं, "काकाजी, हे झालं कसं?"

"तुमाले वाटते मी थांबवलं. मी कोण थांबवणार? स्टॉप आला." ते चिमटा पुसत होते. "आईबापानं थांबवलं का पोट्टं भांडते. स्टॉपासंगं कोणी भांडते का? फक्त पहिले सांगा लागते, का बाबा, येऊन राहिला स्टॉप. एकदम ब्रेक मारला तर माणूस समोरच्या सीटवर आदळते ना."

हळूहळू ले-आउटमधली सगळी पोरं त्या छपरीत चढू लागली. आया पायरीपर्यंत आणून सोडत. नत्थूजी आयांनाही सोडत नसत. "घरी जाऊन तुम्ही फोन पाहणार असान तर तुमचंही तिकीट काढतो, बसा." एक दिवस मी मुक्ताला घ्यायला गेलो आणि सवयीने खिशातून फोन काढून उभ्या उभ्या बघायला लागलो. चिमटा माझ्या कानापाशी टकटकला.

"तिकीट?"

"अहो काकाजी, मी मोठा माणूस."

"मंग फुल लागते."

पोरं सीटांवरून वळून बघायला लागली. विनातिकीट पकडलं गेलेल्याला दंड होता. मला पायरीवर बसवून नत्थूजींनी फर्मान काढलं, "आज दिवसभरात काय झालं ते पोरीले सांगा. खोटं नाही चालत." मी आठवायला लागलो. माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही झालेलं नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आली. शेवटी मी त्या पालकांच्या परवानगीचीच गोष्ट सांगितली, त्या वेळी साहेब फोनवर काय म्हणाले त्यासकट. मुक्ता इतकी हसली, की तिचा स्टॉप कधी आला ते तिला कळलं नाही. तिने स्वतःच फोन नत्थूजींकडे दिला होता, हसता हसता.

या गाडीत दयामाया नव्हती असं मात्र नाही. कन्हानच्या अलीकडे पूर्वी रेल्वेचं फाटक लागायचं. आता तिथं पूल आहे, पण नत्थूजींच्या डोक्यातल्या रस्त्यावर तो अजून बांधलेला नाही. एखाद्या पोराचं काही अगदी शेवटाला आलेलं असे, जादूगार पेटी उघडण्याच्या बेतात असे, आणि ते हळूच विचारी, "आबाजी, फाटक लागलं का?" नत्थूजी डोळे मिटलेले ठेवून कान देत. कधी म्हणत, "उघडं आहे, चाल." आणि कधी, "लागलं गा. मालगाडी आहे." मग ते ओठांनी डबे मोजत आणि तेवढ्यात जादूगाराची पेटी उघडून होई. मी एकदा म्हटलं, ही तर सवलत झाली. ते म्हणाले, "सवलत मी देत नाही. फाटक रेल्वेच्या हाती राहते."

उतरलेली पोरं लगेच घरी जात नसत. पायरीवर बसून बाकीच्यांचे स्टॉप यायची वाट बघत, आणि वाट बघताना बोलावं लागतंच. मुक्ता तिथं बोलायला लागली, मग घरीही. एका जेवणाला तिने पहिला घास घेतला, थांबली, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ई, कारलं." वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पोरगी बोर्डात पहिली आली.

गाडी आठवडाभर चाले, पण रविवारी संध्याकाळी डेपोत. त्या वेळी छपरीत कुणी पाय ठेवायचा नाही. त्या दिवशी नत्थूजी सकाळी खाकी शर्टाला स्वतः इस्त्री करत, बिल्ला पुसत, आणि संध्याकाळी तो शर्ट घालून फोन पाण्याच्या लोट्याला टेकवून सीटवर बसत. त्यांची मुलगी शालू पुण्याला असते. तिची पोरगी पिहू पाच वर्षांची. ती पुण्याहून फोनवर यायची आणि आजोबा तिला रोजच्यासारखी नागपूरहून निघालेली गाडी ऐकवायचे. कामठीला शेळी घेऊन चढलेला माणूस, कन्हानच्या पुलावर नदीत पैसा टाकणाऱ्या म्हाताऱ्या, मनसरचा चहा, आणि शेवटी रामटेकची वानरं. गोष्टीत वानरं त्यांची तिकिटांची पेटी पळवून गडावर चढायची. वानरं आली की पलीकडून पिहूचं खिदळणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. वैशाली म्हणायची, "पोहोचली गाडी रामटेकला."

मध्यंतरी शालूने बापाकडे तक्रार केली, की पिहू फोनशिवाय घास घेत नाही. नत्थूजींनी तिला फोनवरच गाडीचे नियम शिकवले, आणि त्या आठवड्यात ते उंच झाल्यासारखे चालत होते. "पुण्यालेही आपली गाडी सुरू झाली," ते मला भिंतीवरून म्हणाले. "शालूनं देवघरातली घंटी बांधली दाराले. पोट्टी कन्हानले उतरते म्हणे, रडतबिडत नाही."

त्यानंतर रविवारी ते खिदळणं ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. वैशाली म्हणाली, "रामटेक बंद आहे का हो?" तिने गोळाभात केला होता, त्याचा डबा देऊन तिने मला आणि मुक्ताला पाठवलं.

आम्ही दाराशी थांबलो. खाकी शर्ट, बिल्ला, लोट्याला टेकलेला फोन. नत्थूजी सांगत होते, "अन् मंग ती शेळी काय म्हणते कंडक्टरले, का मी उभी राहून येते, मले तिकीट काहून?" पिहू हसत होती. तेवढ्यात फोनमधून बारीकशी घंटी वाजली. एकच.

"आबाजी, कन्हान आलं," पिहू म्हणाली. "उतरायचं."

"उतर माय. सावकाश. गाडी पुरी थांबू दे."

फोन काळा झाला. नत्थूजी त्याच्याकडे बघत बसले. मग आम्ही आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

"काकाजी, हे काय?" मी म्हटलं. "आजोबांशी बोलणं म्हणजे का फोन बघणं आहे? शालूताईला कळत नाही का? मी बोलतो तिच्याशी."

"तिनं इचारलं होतं मले. बाबा, तुमचा फोन त्याच्यात मोजायचा का? मीच म्हटलं, मोज."

"पण का?"

"पोट्टीचे डोळे तेच ना. तिनं आठवडाभर ऐकायचं का स्टॉप म्हणजे स्टॉप, अन् रविवारी आबाजीसाठी गाडी थांबतच नाही, असं कसं? मंग तिनं कोणाचं ऐकावं? मी बायकोले पास नाही देला." त्यांनी बिल्ला काढून हातात घेतला. "आता चालते. फक्त रामटेक राहून जाते. वानरं राहून जातात."

गोळाभाताचा डबा त्यांनी घेतला, आणि आम्ही बाहेर पडण्याआधी सवयीने एक टोल दिला.

घरी जेवताना मुक्ता एकदम म्हणाली, "बाबा, पिहूला फाटक माहीत नाही."

"म्हणजे?"

"आबाजींनी शालूआत्याला सगळं शिकवलं. फाटक नाही शिकवलं."

पुढच्या रविवारी ती मला हाताला धरून घेऊन गेली. गाडी डेपोत असताना छपरीत चढायचं नाही, हे मी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, मी पॅसेंजर म्हणून नाही जात आहे. आत नत्थूजींची गाडी कामठीच्या पुढे निघाली होती. मुक्ता जाऊन सरळ त्यांच्या शेजारी, भोक पडलेल्या सीटवर बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण गोष्ट तोडली नाही. मग पुण्याची घंटी वाजली.

"कन्हान आलं, आबाजी," पिहू म्हणाली.

नत्थूजींनी उतर म्हणायला तोंड उघडलं. मुक्ताने मान मध्ये घातली.

"पिहू, उतरू नको. फाटक लागलं आहे."

मग पडद्यावर शालूचा चेहरा आला. "फाटक? हे काय असतं गं?"

मुक्ताने सांगितलं. शेवटाला आलेली गोष्ट, रेल्वेचं फाटक, मालगाडी, सगळं. शालू ऐकत होती आणि बापाकडे बघत होती. "बाबा, हे तर तुम्ही मले सांगितलंच नाही."

"इसरलो असन," नत्थूजी आपल्या चपलांकडे बघत म्हणाले. ज्या माणसाला कामठी रोडचा एकेक खड्डा पाठ आहे, तो.

शालूने विचारलं, "मंग आज लागलं आहे का फाटक, बाबा?"

नत्थूजींनी हो म्हणावं तर ती स्वतःसाठी मागितलेली सवलत, आणि नाही म्हणावं तर वानरं पुन्हा राहून जाणार. सबंध नोकरीत त्यांनी केलं नसेल ते त्यांनी केलं. गाडी कुठे आहे, हे विचारायला पॅसेंजरकडे वळून पाहिलं.

मुक्ताने डोळे मिटले. मान एका बाजूला कलवून, अगदी त्यांच्यासारखा, कान दिला.

"लागलं आहे," ती म्हणाली. "मालगाडी आहे. लांब आहे. पिहू, तू डबे मोज. तोवर आबाजी मनसरचं सांगतील."

पिहू मोजायला लागली. तिला दहापर्यंतच येतं. दहा झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. नत्थूजींनी तिला एकदाही दुरुस्त केलं नाही. मनसरचा चहा झाला, गडाच्या पायऱ्या लागल्या, वानरं झाडावरून खाली बघायला लागली, आणि मालगाडी चाललीच होती. त्यांचा एक हात सवयीने वर, दोरीवर होता. त्यांनी ती ओढली नाही.